अलंकार सापडले, कादंबरी राहून गेली

'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा. 'सारखा', 'समान', 'प्रमाणे', 'परी' दिसलं की उपमा. आधी 'नाही' म्हणून मग भलतंच काही सांगितलं तर अपन्हुती. एखाद्याला त्याचीच उपमा दिली तर अनन्वय. नौपाड्यापासून खारघरपर्यंत कुठल्याही क्लासच्या मागच्या बाकावर दहावी-बारावीच्या मराठीच्या तासाला जाऊन बसा, हीच सूत्रं कानावर पडतील. ओळीचा अर्थ लागण्याची गरज नसते, ओळीतला एक शब्द हेरता आला की भागतं. मुलं याला 'हातचे मार्क' म्हणतात, आणि ते खरोखरच हातचे असतात.

अलंकार शिकवण्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते या शिकवणुकीने घडणाऱ्या डोळ्याशी. हा डोळा ओळीएवढंच पाहतो. कवितेत त्याचा थोडाफार निभाव लागतो, कादंबरी हातात आली की मात्र तो जवळजवळ आंधळा होतो.

ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत अधूनमधून वाचनकट्टा भरतो. निवृत्त मंडळी जास्त, तरुण मोजकेच. एकदा ज्युनिअर कॉलेजातली एक मुलगी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' वाचून आली होती. वाचली होती तीही मन लावून. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेलं : उपमा, उपमा, चेतनगुणोक्ती, रूपक (आणि पुढे प्रश्नचिन्ह). कट्ट्यावरच्या एका काकांनी विचारलं, "नायक हिंदुस्थानात परत निघालाय, बोट आज ना उद्या मुंबईला लागणार, हे तुला कधी कळलं?" ती म्हणाली, "ते तर सुरुवातीपासूनच माहीत असतं." "मग नायक-नायिकेचं वाचताना जिवाची घालमेल झाली का?" "झाली ना, खूपच. पण काका, ते काही डिव्हाइस नाही, ती तर गोष्ट आहे."

माझ्या मते मराठीच्या अभ्यासक्रमाचा सगळा दोष तिच्या त्या शेवटच्या वाक्यात आहे, आणि तो तिचा नाही.

१९३९ साली आलेल्या त्या कादंबरीत बोट हीच सगळ्यात मोठी क्लृप्ती आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरचा युरोप, वेगवेगळ्या देशांची माणसं एका बोटीत कोंडलेली, आणि सगळ्यांची मुदत बंदरांनी ठरवलेली. प्रेमाला जेवढे दिवस मिळायचे तेवढे तिकिटावर आधीच छापलेले. लेखकाने घड्याळ कुठेही दाखवलेलं नाही, तरी पानोपानी ते ऐकू येतं. ही घालमेल आपोआप झालेली नाही, कुणीतरी ती रचली आहे. पण ती कुठल्याच एका ओळीत नाही. त्यामुळे पेन्सिल तिच्याखाली रेघ ओढू शकत नाही, आणि आपल्याकडे ज्याच्याखाली रेघ ओढता येत नाही ते परीक्षेत येत नाही.

कादंबरीतली खरी कारागिरी बहुतेक वेळा अशीच ओळीपेक्षा मोठी असते. गोष्ट कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, घटना घडून किती काळ लोटल्यावर सांगतंय, काय दडवतंय, कुणाला तोंडच उघडू देत नाही. ठाण्यातल्या मराठी घरांमधल्या पुस्तकांच्या कपाटात हमखास सापडणारी दोन पुस्तकं घेऊ : 'ययाति' आणि 'मृत्युंजय'. खांडेकरांनी १९५९च्या 'ययाति'त गोष्ट तिघांच्या तोंडून सांगितली आहे, ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. तिघंही आपापली बाजू मांडतात, आपापल्या जखमा दाखवतात. त्या सगळ्या गोंधळात ज्याच्याकडे विवेक आहे तो कच. त्याला मात्र एकही प्रकरण स्वतःचं नाही. तो आपल्याला भेटतो तो या तिघांच्या सांगण्यातून, म्हणजे कुणाच्या प्रेमातून, कुणाच्या रागातून. कचालाही 'मी' म्हणून बोलू दिलं असतं तर काय झालं असतं? माझा अंदाज असा की कादंबरीचं प्रवचन झालं असतं. खांडेकरांना प्रवचनाचा मोह कमी नव्हता, पण इथे त्यांनी तो आवरला आणि पुस्तक तरलं. वाचणाऱ्याला हे पटेल किंवा पटणार नाही. पण न पटण्यासाठीसुद्धा पुस्तक पुन्हा उघडावं लागतं.

शिवाजी सावंतांच्या १९६७च्या 'मृत्युंजय'मध्ये कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, शोण, वृषाली बोलतात. अर्जुनाला आणि द्रौपदीला पाळी मिळत नाही. कर्णासाठी आपले डोळे पाणावतात त्यात या वाटपाचा वाटा किती, हे कुणी मोजतं का? द्रौपदीला एक प्रकरण मिळालं असतं तर भरसभेतला कर्ण आपल्याला कसा दिसला असता? आणि शेवटी बोलायला श्रीकृष्ण येतो. यायलाच हवा, कारण मरणारा माणूस आपलं मरण सांगणार कसं? पण त्या अडचणीतून लेखकाने केवढा फायदा काढला आहे तो पाहा. ज्याने कर्णाच्या मृत्यूचा डाव मांडला, त्याच्याच तोंडून कर्णाचा गौरव येतो. 'मृत्युंजय'च्या भाषेतल्या उपमा-रूपकांची यादी करायला बसलात तर वही भरेल, आणि या एका गोष्टीचा उल्लेखही तिच्यात येणार नाही.

'श्यामची आई' तर सगळ्यांनीच वाचलेली असते, निदान तसं सगळे सांगतात. तिची ४२ प्रकरणं म्हणजे ४२ रात्री. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आठवणी सांगतो. हे सोबती मधे बोलतात, वाट पाहतात, कुणाला काम असलं तरी थांबतात. म्हणजे या पुस्तकात दोन श्याम आहेत. एक पोहायला घाबरून लपणारा, आणि दुसरा त्या लपलेल्या मुलाकडे पश्चात्तापाने पाहणारा. आई गेलेली आहे हे दुसऱ्याला ठाऊक आहे, पहिल्याला नाही. पुस्तक वाचताना आवंढा येतो तो या दोघांमधल्या अंतरामुळे. आईच्या चांगुलपणाने एकट्याने एवढं काम केलं नसतं, चांगल्या आया पुस्तकांत पुष्कळ आहेत. पण एखादं प्रकरण उतारा म्हणून सुटं काढलं की रात्र गळते, ऐकणारे गळतात, मोठा श्याम पुसट होतो आणि उरते एक बोधकथा. मग आपण मुलांना विचारतो, या पाठातून काय शिकलात?

हरिभाऊ आपट्यांनी हा प्रकार त्याच्याही कितीतरी आधी केला होता. 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० ते १८९३ या काळात 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती. (१८९३ हे ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या स्थापनेचंही वर्ष. त्या वेळचा ठाणेकर वाचक या हप्त्यांची वाट कशी पाहत असेल असं अनेकदा मनात येतं.) पुरुष लेखकाने यमूच्या तोंडून, तिची आत्मकहाणी म्हणून लिहिलेली ही कादंबरी. लहान यमू घरातल्या मोठ्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगते. त्या बोलण्याआड तिच्या आयुष्याचा काय सौदा होतोय हे तिला उमगत नाही, वाचकाला उमगतं. लेखकाने स्वतः पुढे येऊन स्त्रियांच्या हालांवर व्याख्यान दिलं असतं तर त्या काळच्या वाचकाने मान डोलावून पान उलटलं असतं. यमूला न कळणं ही इथली योजना आहे. या योजनेला आपल्या शालेय व्याकरणात नाव नाही, म्हणून ती आपल्या मुलांना दिसत नाही.

असं का झालं, याचं उत्तर 'आपलं शास्त्रच जुनं' असं देण्याची पद्धत आहे. ते मला मान्य नाही. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त मुद्दा मांडला तोच मुळी न बोललेल्या अर्थाचा. काव्याचा आत्मा ध्वनी, अलंकार हे नुसते अंगावरचे दागिने. बाणभट्टाच्या 'कादंबरी'त तर एक पोपट राजाला गोष्ट सांगतो, त्या गोष्टीत एक ऋषी गोष्ट सांगतो, त्याही गोष्टीत महाश्वेता आपली कहाणी सांगते, आणि शेवटी ऐकणारा राजाच गोष्टीतला निघतो. निवेदनाचे असे खेळ खेळणारी परंपरा आपल्याकडे सातव्या शतकापासून आहे. आपण तिच्यातून उचलली ती फक्त यादी, कारण यादी तपासायला सोपी. बरोबर की चूक, लाल पेन, पुढचा पेपर.

शिवाय कादंबरी अभ्यासक्रमात आहेच कुठे? बालभारतीच्या २०१९च्या अकरावीच्या 'युवकभारती'त साहित्यप्रकार म्हणून नाटक आलं, २०२०च्या बारावीच्या पुस्तकात कथा आली. दोन्ही चांगल्या गोष्टी. पण कादंबरीची पाळी येईपर्यंत मुलगा इंजिनिअरिंगला गेलेला असतो. शाळेची बारा वर्षं मराठी शिकून एकही कादंबरी अखंड न वाचता बाहेर पडता येतं, आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

ठाण्यात आणि नवी मुंबईत याची आणखी एक गंमत पाहायला मिळते. एकाच घरात थोरल्या भावाची मुलगी मराठी माध्यमात, धाकट्याचा मुलगा सीबीएसईत. मुलीला अपन्हुती आणि व्यतिरेक चटकन ओळखता येतात. मुलाला फोरशॅडोइंग, फ्लॅशबॅक, सिम्बॉलिझम, आयरनी ही नावं पाठ आहेत, म्हणजे कादंबरीसाठी लागणारी हत्यारं त्याच्याकडे तिच्यापेक्षा बरी आहेत. पण ती हत्यारं घेऊन तो मराठी कादंबरीकडे कधीच जाणार नाही, कारण घरातलं 'मृत्युंजय' त्याला आजोबांचं पुस्तक वाटतं. आणि तोही शेवटी यादीच करतो. त्याच्या वहीतही 'नेम द लिटररी डिव्हाइस' याच्यापुढे एका शब्दाचं उत्तर असतं. बोर्ड बदललं, रोग तोच.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो. ही माणसं मला क्लासवाल्यांपेक्षा प्रिय आहेत, तरी त्यांचं म्हणणं चुकीचं आहे. ती म्हणतात, कादंबरी अनुभवायची असते, तिची चिरफाड कसली करता? तंत्र दिसलं की रस गेला. आमच्या कट्ट्यावर हे वाक्य दर बैठकीला एकदा तरी येतंच. त्यांना मी विचारतो, नारदीय कीर्तन ऐकलंत ना? पूर्वरंगात बुवा अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात. उत्तररंगात आख्यान रंगतं, आणि ते फिरून त्या मूळ पदावर येणार हे समोर बसलेल्या प्रत्येक आजीला ठाऊक असतं. कसं येणार हे पाहायलाच ती बसलेली असते. बुवांनी वळण घेतलं की माना आधी डोलतात, डोळे मागून भरतात. तमाशातही गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना पाठ असतो, म्हणून बतावणीतला हजरजबाबीपणा रंगतो. रचना कळल्याने मराठी श्रोत्याचा रस कधी आटला नाही. तो फक्त कादंबरी वाचतानाच एवढा नाजूक कसा झाला?

या मंडळींचा एक राग मात्र रास्त आहे. तंत्र ओळखायला निघालेले लोक पुष्कळदा प्रतीकांच्या शिकारीला निघतात. पाऊस म्हणजे दुःख, खिडकी म्हणजे स्वातंत्र्य, पिंपळ म्हणजे परंपरा. प्रत्येक वस्तूवर अर्थाची चिठ्ठी डकवून झाल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला दुष्काळ हा 'मानवी अस्तित्वाच्या रितेपणाचं प्रतीक' आहे असं लिहिलं की उत्तरपत्रिका भारदस्त दिसते. माणदेशातला दुष्काळ आधी दुष्काळ असतो. मेंढरं मरतात, माणसं गाव सोडतात. तिथे पाहायचंच असेल तर बाहेरगावाहून आलेल्या त्या तरुण मास्तरकडे पाहावं. तो धनगरांतला नाही, म्हणून त्याला सगळं नवं दिसतं, आणि त्याच्याबरोबर आपणही गावात परकेपणाने शिरतो, हळूहळू रुळतो. गावातल्याच एखाद्या मेंढपाळाला निवेदक केलं असतं तर त्याने निम्म्या गोष्टी सांगितल्याच नसत्या. रोजच्या गोष्टी कोण कुणाला सांगतं? मास्तर हे कशाचंही प्रतीक नाही. ती एक अत्यंत व्यवहारी निवड आहे.

म्हणूनच मला वाटतं, क्लृप्तीचं नाव विचारण्याऐवजी ती काढून टाकली तर काय होईल, हे विचारावं. नाव आलं तर उत्तम, नाही आलं तरी बिघडत नाही. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर स्वतःबद्दल बोलतानाही 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द पेरत जातो. १९६३ साली यावर पुष्कळांनी नाकं मुरडली. विद्यार्थ्याला याचं नाव विचारू नका. त्याला सांगा, एक पान घे, त्यातले हे शब्द खोड आणि मोठ्याने वाच. मग धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग काढ आणि तिथे हे शब्द किती आहेत, कुठे आहेत, कुठे नाहीत ते मोजून ये. मोजून आलेला मुलगा जे सांगेल ते गाईडमध्ये नसेल.

हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांपुरता असता तर एवढं लिहिलं नसतं. घोडबंदर रोडने जाताना होर्डिंगं वाचा. 'निसर्ग तुमच्या स्वागताला उभा असेल.' दहावीचा कुठलाही मुलगा चेतनगुणोक्ती म्हणून मोकळा होईल, पूर्ण मार्क. पण या मजकुराचा निवेदक कोण, तो सगळं भविष्यकाळातच का बोलतो, येऊरच्या डोंगराचा फोटो कुठल्या मजल्यावरून घेतलाय, आणि पाण्याच्या टँकरला या गोष्टीत एकही वाक्य का नाही, हे विचारायचं त्याला कुणी शिकवलेलं नाही. पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरचं सादरीकरण पाहताना, रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला लांबलचक फॉरवर्ड वाचताना हीच नजर लागते. कोण सांगतंय, आणि कुणाला बोलू दिलेलं नाही. कादंबरी ही या नजरेची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आनंदाची तालीम आहे, असं माझं मत.

शिक्षकांचा यावरचा आक्षेप मी ऐकला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका शिक्षिकेने मला विचारलं, घणसोली-दिव्याच्या आगरी घरातलं मूल, ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट नाही, प्रमाण मराठी ज्याला शाळेतच भेटते, त्याचे हे दोन-चार हातचे मार्क तुम्ही काढून घेणार? मोकळ्या उत्तराचा प्रश्न आला की ज्यांच्या घरात पुस्तकं आहेत तीच मुलं पुढे जाणार. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून अलंकाराचे गुण काढा असं मी म्हणत नाही. राहू देत. पण त्या मुलाने लग्नघरात धवलारणीने म्हटलेले धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, ऐकलेले असतात. ओळ फिरून येते, प्रत्येक विधीला धवला बदलतो, हे त्याला कुणी न शिकवता कळतं. रचना ओळखण्याची त्याची कुवत वर्तकनगरच्या मुलापेक्षा तसूभर कमी नाही. कमी आहे ती पुस्तकाची सवय, आणि ती उतारे देऊन लागणार नाही.

बारावीच्या मराठीला ८० गुणांची लेखी परीक्षा असते आणि २० गुण तोंडी व अंतर्गत परीक्षेचे. हे २० गुण बहुतेक ठिकाणी कसे वाटले जातात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. त्यातले निदान १० एका अखंड कादंबरीला द्यावेत. कादंबरी विद्यार्थ्याने निवडावी. पाच मिनिटं शिक्षकाने त्याच्याशी बोलावं, त्याच्याच मराठीत, आगरी असेल तर आगरीत. लेखी नको. पानाचा फोटो काढून फोनला विचारलं की अलंकारांची यादी क्षणात मिळते, आणि कचाला बोलू का दिलं नाही याचं उत्तरही फोन देईलच, कदाचित माझ्याहून नेटकं. समोरासमोर मात्र दुसऱ्याच प्रश्नाला कळतं की पुस्तक वाचलंय की नाही. शंभर मुलांना प्रत्येकी पाच मिनिटं धरली तर साधारण आठ-साडेआठ तास होतात, दोन शिक्षकांचा एकेक दिवस. प्रॅक्टिकलसाठी विज्ञान शाखा याहून जास्त वेळ काढते.

पुस्तकं कुठून आणायची हा प्रश्न ठाण्यात तरी कुणी विचारू नये. वर नावं घेतलेल्या बहुतेक कादंबऱ्या चांगल्या वाचनालयाच्या कपाटात असतात, आणि त्यांतल्या निम्म्या ज्याच्या त्याच्या आजोळी. आमच्या कट्ट्यावरच्या त्या मुलीने आता 'ययाति' नेली आहे. पेन्सिल घेऊनच वाचतेय म्हणते, पण समासात या वेळी 'हे हिला कसं माहीत?' असं लिहितेय. देवयानीच्या प्रकरणात तिला तसं तीन ठिकाणी लिहावं लागलं, आणि त्यातल्या एका ठिकाणावरून तिचं आणि काकांचं अजून जमलेलं नाही.